फणसाच्या लाकडाची युकुलेली

चार तारा त्या चार तारा, मग त्या भोपळ्यावर ताणा नाहीतर खोक्यावर, असा माझा तेव्हाचा सिद्धांत होता. संगीतातलं मला एवढंच कळत होतं, आणि एवढं पुरे आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना निघाला, त्यात मला स्टोअरमध्ये नोकरी लागली, कॉलनीत एक खोली मिळाली आणि मागोमाग लग्नही झालं. बायको रत्नागिरीकडची, गाणारी. रोज सकाळी तंबोरा घेऊन बसते, असं तिच्या वडिलांनी लग्न ठरवताना पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं होतं. पण पिंपरीला आल्यापासून तिचा आवाज मी ऐकला तो "वाढू का?" आणि "डबा घेतलात का?" एवढाच. संध्याकाळी ती दारात उभी राहून समोरच्या माळाकडे बघत असायची. माळावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

शेवटी मी विचारलंच, "अगं, गात का नाहीस?"

"तंबोरा कुठाय?"

तंबोरा माहेरी होता. तो आमच्या खोलीत आणला असता तर आम्हा दोघांपैकी एकाला बाहेर झोपावं लागलं असतं. कोणाला, ते सांगायला नको. पण ती पुन्हा गायला हवी, हे मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आमच्या स्टोअरला लाकडी खोकी पुरवणारा एक गोवेकर मिस्त्री होता, देहूरोडला राहणारा. लढाईच्या काळात एका गोऱ्या सोल्जरनं त्याच्याकडे एक फुटकं वाद्य दुरुस्तीला आणलं होतं. ते जोडता जोडता त्यानं त्याचं सगळं माप एका फळीवर उतरवून घेतलं आणि तेव्हापासून तो फावल्या वेळात तशीच वाद्यं घरी बनवायचा. कँपातले बँडवाले ती घेऊन जायचे.

"युकुलेली म्हणतात," तो म्हणाला आणि तान्हं मूल धरावं तसे हात करून दाखवलं, "एवढी असते."

"तारा किती?"

"चार."

झालं. तंबोऱ्याला चार, हिला चार. म्हणजे हे तंबोऱ्याचंच आखूड रूप, एका खोलीच्या संसाराला बेतलेलं! पुढच्याच रविवारी मी सायकल मारत देहूरोडला त्याच्या घरी गेलो.

"तंबोऱ्यासारखी वाजेल ना?" मी विचारलं.

"वाजेल तर! माझ्या हातची आहे, बाबा."

त्यानं जन्मात तंबोऱ्याला हात लावला नव्हता. मी युकुलेलीचा आवाज ऐकला नव्हता. तरी दोन मिनिटांत आमचं एकमत झालं. एवढ्या लवकर झालेलं एकमत मी पुढे कारखान्यातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये पाहिलं नाही.

अडलं ते तारांपाशी. मिस्त्री लावायचा त्या तारा बकऱ्याच्या आतड्याच्या. मी दचकलो. आमच्या सासुरवाडीला कांदासुद्धा स्वयंपाकघराबाहेर चिरायचे. तिथली मुलगी आतड्याला बोट लावून देवाचं पद म्हणणार? शक्यच नाही!

"पोलादी तारा लाव," मी फर्मावलं. "तंबोऱ्याच्या."

"ताण लई पडेल रे बाबा. घोडी सुटेल." घोडी म्हणजे ज्या पट्टीला तारा बांधतात ती; पोटावर सरसानं चिकटवलेली असते.

"मग तुझा सरस कच्चा आहे म्हणायचा."

हे मी बोलायला नको होतं. मिस्त्री ताठ झाला. "माझा सरस? लावतो पोलादी! बघच तू. पण एक सांगतो. वाजवणारा समोर आल्याशिवाय मी वाद्य हातातून सोडत नाही. बायला घेऊन ये."

वाद्य तयार झाल्याचा निरोप आला तसा मी बायकोला काही न सांगता सायकलच्या कॅरियरवर बसवलं. निगडीच्या चढावर ती उतरून चालायला लागली आणि माझ्याआधी वर पोचली.

मिस्त्रीनं मला चहा दिला आणि युकुलेली तिच्या हातात ठेवली. तिनं ती उलटी केली, पिवळं पोट पाहिलं, नाकाशी नेली.

"फणस?"

"आमच्या गोव्याच्या घरामागचा," मिस्त्री खुलला. "वादळात पडला, तो तोडून आणला."

"आमच्याकडची दारं फणसाची आहेत," ती म्हणाली. एवढं लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. माझी छाती फुगली. मिस्त्री खुंट्या पिळायला लागला तसा मी जाणकारासारखा म्हणालो, "वर घे. अजून वर. हिची पट्टी उंच आहे."

"अहो, राहू दे," ती म्हणाली.

"थांब गं, तुला नाही कळायचं. अजून वर!"

काड्कन आवाज झाला. घोडी उडाली, माझ्या कानावरून गेली आणि भिंतीवर आपटून माझ्याच चहाच्या कपात पडली. मी कपात बघितलं, मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं, आणि बायको उंबऱ्यावर बसून हसायला लागली. पदर तोंडावर धरला तरी हसू आवरेना.

"सांगत होतो, ताण पडेल," मिस्त्री पुटपुटला. मग इज्जत सावरायला त्यानं भिंतीवरची स्वतःची युकुलेली काढली आणि गावाकडचं काहीतरी वाजवलं. आवाज ठेंगणा होता, पण गोड. बायको हसायची थांबली. जवळ सरकली आणि तिनं सरळ तारेला बोट लावलं.

"अगं, आतडं आहे ते!" मी ओरडलो.

"मग? तबल्याला काय केळीचं पान लावतात?" ती म्हणाली. "घरी भाऊ वाजवतो की. मिस्त्री, ही तार जरा उतरवा. अजून. हां, आता हिलाच छेडत राहा."

मिस्त्री एकच तार छेडत राहिला. ती डोळे मिटून आधी नुसती गुणगुणली, मग गायली. गाणं संपेपर्यंत मी चहाला हात लावला नाही. तसा त्यात सरसही होता.

"हीच देऊन टाक," मी मिस्त्रीला म्हणालो.

"ही माझी. तुझी जोडून ठेवतो, पुढल्या रविवारी ने. आणि तारा मी म्हणेन त्या."

युकुलेली कॉलनीत आली तेव्हा शेजारचा मावळातला फिटर म्हणाला, "राव, सतारीला प्वार झालं व्हय?"

पोर अजून आमच्याकडे आहे. चारांपैकी एकाच तारेला हात लावायची मला परवानगी आहे, तीही बायको गात असताना. कधी हुरूप येऊन माझं बोट दुसरीकडे वळलंच, तर गाणं न थांबवता ती माझ्या मनगटावर चापट मारते.