होकायंत्रावरची पाटी

आमच्या कोथरूडच्या कारखान्यात जहाजांची होकायंत्रं बनतात. पुण्यात समुद्र कुठाय, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी कधीच सोडलंय. आमचे मालक त्याच पंक्तीतले. होकायंत्र म्हणजे त्यांना स्वतःचं नाव लावायची आणखी एक जागा वाटते. पार्किंगपासून पाण्याच्या पिंपापर्यंत कारखान्यात त्यांच्याच नावाच्या पाट्या आहेत.

जहाज कितीही डुललं तरी सुई चटकन स्थिरावेल, असं होकायंत्र आमच्या कारखान्यातल्या इंजिनिअर मॅडमनी तयार केलं. वीज गेली, उपग्रहाचा संपर्क तुटला की जहाजाला तेवढाच आधार. मॅडम येरवड्याहून स्कूटरवर यायच्या. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी या यंत्रापायी घातली होती. मुंबईच्या एका जहाजावर चाचणी ठरली, तेव्हा यात नापास झालं तर हे काम कायमचं बंद, असं मालकांनी त्यांना बजावलं.

चाचणीच्या सकाळी यंत्र बसवलेल्या खांबाला झेंडूचा जाडजूड हार होता. "पूजा केलीय, हात लावू नका," मालक म्हणाले. जहाज बंदराबाहेर पडलं आणि सुई भलतीच दिशा दाखवू लागली. कप्तानानं नकारार्थी मान हलवली. मालक लगेच मॅडमपासून लांब सरकले. एवढी चपळाई त्यांनी कारखान्यात कधी दाखवली नव्हती.

मॅडमनी हार बाजूला केला. खाली मालकांच्या नावाची चकचकीत लोखंडी पाटी. कप्तानाच्या हस्ते तिचं अनावरण करायचं होतं म्हणे. होकायंत्राजवळ लोखंड आणू नये, हे शाळेत शिकवतात. मालक बहुधा त्या दिवशी गैरहजर असावेत.

मॅडमनी स्क्रू काढले आणि पाटी मालकांच्या हातात दिली. "सर, आपलं नाव घेऊन जरा पलीकडे उभे राहता का?"

ते गेले. सुई जागेवर आली.

यंत्र पास झालं. आता ते बऱ्याच जहाजांवर जातं, आणि प्रत्येकावर मालकांच्या नावाची पाटी असते, पहिलीपेक्षा मोठी. मॅडमचं नाव कुठेच नाही. मला त्या माणसाची किळस येते.

नवी पाटी पितळेची आहे, पितळेनं सुई हलत नाही. कोणता धातू चालेल, हे विचारायला ते मॅडमकडेच आले होते. मॅडमनी सांगितलं. सांगितलं नसतं, तर जहाजं वाट चुकली असती.