एकेक करून घेतलेले पाने

ते प्रकरण विसरावं असं मला अधूनमधून वाटतं, पण माझ्या जुन्या जीपखाली शिरून हातात पाना घेतला की ते पुन्हा समोर येतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. पाने चोरीला गेले होते. नट-बोल्ट खोलायचे साधे पाने. नोकरीत याहून कितीतरी मोठे गुन्हे मी उघडकीस आणले, बक्षिसं घेतली, आणि त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत.

तेव्हा मी आर्वीला ठाणेदार होतो. नावं कुणाचीच देत नाही. फिर्यादी होते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री. त्यांच्या घरामागे टिनाचं शेड होतं आणि शेडमध्ये एक जुना ट्रक. तो ट्रक मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार मिळून नव्यानं उभा करत होते. जोडीदार आष्टीकडच्या जंगलपट्ट्यातला, चाळिशीचा गोंड माणूस. आधी ट्रकवर हमाली करायचा, मग मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकला. आठ वर्षं दोघं एकत्र होते. ट्रक रस्त्यावर आला की तो जोडीदारानंच चालवायचा, असं ठरलेलं होतं.

दसऱ्याच्या दहाबारा दिवस आधी, बाजाराच्या दिवशी भरदुपारी, शेडमधून पान्यांची गुंडाळी गेली. गुंडाळी म्हणजे कप्पे शिवलेलं जाड कापड, त्यात सहा नंबरपासून बत्तीसपर्यंतचे पाने मापानं खोचलेले. कुलूप तुटलं नव्हतं. चावी दारावरच्या आडव्या पट्टीवर ठेवायची पद्धत होती.

घटनास्थळाचा पंचनामा चालू असताना मी विचारलं, "चावीची जागा कोणाकोणाला माहीत?"

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. मग खाली पाहत म्हणाले, "मले. अन् त्याले."

"पान्यांवर नाव कोरलंय?"

"नाई साहेब. चांगल्या लोखंडावर घाव घालाची हिंमत नाई झाली."

झालं! नाव नाही, खूण नाही, बिल नाही. माझा हवालदार बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, उद्या हे पाने माझ्या घरी सापडले तरी कोर्टात ते माझेच ठरतील." बोलला ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळचा एक गॅरेजवाला आपणहून ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, मिस्त्रीच्या त्या गड्याले मी पाह्यलं. बाजाराच्या दिवशी पोतं घेऊन आष्टीच्या गाडीत बसून राह्यला होता. मी काऊन खोटं बोलू? मले काय भेटते?"

न विचारता 'मी काऊन खोटं बोलू' म्हणणाऱ्या माणसाकडे जरा नीट पाहावं, हा धडा मी कितीतरी नव्या फौजदारांना दिला आहे. त्या दिवशी मात्र गॅरेजवाल्याला चहा पाजला आणि जोडीदाराला आणायला शिपाई पाठवला.

जोडीदाराला मी ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवलं. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, असे दोन दिवस. अंगाला बोट लावलं नाही, आणि याचा मला तेव्हा अभिमानही होता. पण व्हरांडा रस्त्यावर होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला तिथं बसलेला पाहत होता.

"पोत्यात काय होतं?"

"तांदूळ, साहेब. अन् पोरीच्या चपला."

गावाकडच्या घराची झडती घेतली. तांदूळ मिळाला, चपलाही मिळाल्या. तरी मी म्हणालो, माल वाटेत विकला असेल. गरजू माणूस, चावी माहीत, जंगलातल्या गावचा. एवढं गणित मला पुरलं. त्याच्या जागी पेठेतला दुकानदार असता तर मी त्याला आत नेऊन खुर्ची दिली असती, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सोडताना तो उंबऱ्याशी थांबला. "साहेब, दसऱ्यापर्यंत थांबा. ज्याच्यापाशी थे पाने असतीन, थो पूजेत मांडनच."

मी हसलो. "का रे, चोर पूजा करतो का?"

"चोर म्हणून नाई करत. मिस्त्री म्हणून करते. ज्या लोखंडावर पोट भरायचं, थे पूजेतून वगळलं तर थेच हात कापते. आमच्या धंद्यात एक बी पाना बाहेर ठेवत नाई कोणी."

मी ते स्टेशन डायरीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलंच नाही.

मधल्या दिवसांत मी हार्डवेअरच्या दुकानात चौकशीला गेलो. मिस्त्रींचं नाव काढताच दुकानदारानं कपाळाला हात लावला. "साहेब, हा गिऱ्हाईक म्हणजे डोक्याले ताप! सेट कधीच घेत नाई. खिशात सुतळीत ओवलेले कोरे नट घेऊन येते, प्रत्येक मापाचा एक. एकाच नंबरचे दहा पाने काढाले लावते, चार कंपन्यांचे. एकेक पाना नटावर चढवते अन् कानाजवळ नेऊन हालवते. जरा खडखडला की वापस. एका पान्यासाठी दीड तास! अन् नाईच पटला तर पुढच्या महिन्यात येतो म्हणते."

मिस्त्रींना कारण विचारलं तर म्हणाले, "ढिला पाना नटाचे कोपरे खाते साहेब. मंग थो नट कोणाच्या बापाले खुलत नाई. महागाचा सेट घ्या का सस्ता घ्या, त्यात चार पाने चांगले अन् बाकीचे भरतीचे असतेत."

मी विषय बदलला. त्याच महिन्यात मी माझ्या जीपसाठी चकचकीत पेटीबंद सेट घेतला होता आणि त्यातल्या सतराच्या पान्यानं एका नटाची पार गोळी करून ठेवली होती.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली, पिस्तुलं, लाठ्या, सगळं ओळीनं मांडलेलं. शस्त्रागार सांभाळणारा हवालदार दस्ता मोडलेली, बाद ठरवलेली एक जुनी बंदूकही आतून घेऊन आला. मी म्हणालो, "ती राहू दे."

"नाही साहेब," तो म्हणाला. "आजच्या दिवशी एकही वगळायचं नसतं."

फुलं हातात तशीच राहिली. बाकड्यावरचा माणूस काय म्हणाला होता ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

पूजा आटोपून साध्या कपड्यांत निघालो. बरोबर एक शिपाई आणि खिशात आपट्याची पानं. दसऱ्याचं सोनं द्यायला ठाणेदार दारात आला तर कोण हाकलतो? तीन गॅरेजमध्ये पेढे खाल्ले. चौथं गॅरेज त्या खबर देणाऱ्याचं होतं.

लाल कापडावर त्याची हत्यारं मांडलेली होती. तोंड पसरलेले पाने, चीर गेलेला आणि वेल्डिंग मारलेला एक रिंगचा पाना, वाकडा टॉमीचा दांडा. आणि त्यांच्या शेजारी तेलाच्या फडक्यानं पुसलेले, मापानं लावलेले, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूची पाकळी असलेले सहापासून बत्तीसपर्यंतचे पाने.

"वा! सेट नवा दिसतो," मी म्हणालो.

"हो साहेब, नागपूरवरून आणला. पेटीबंद."

मी उकिडवा बसलो आणि ओळीनं पाहू लागलो. दहाच्या पान्यावर एका कंपनीचा छाप, बाराच्या पान्यावर दुसरीचा, चौदाच्या पान्यावर तिसरीचा. सतरा पुन्हा पहिलीचा, आणि पुढे एका चौथीचा. पेटीबंद सेट घेऊन मी स्वतः फसलेला माणूस होतो. पेटीत सगळे पाने एकाच छापाचे असतात. चार कंपन्यांचे पाने निवडून पेटीत कुणी विकत नाही. असा सेट जमवायला एका माणसाचे तीस वर्षांचे पगार ओतावे लागतात आणि दुकानदाराचं डोकं खावं लागतं.

 त्याच्या हातावर सोनं ठेवलं, पेढा घेतला, बाहेर जाऊन पंचांना फोन केला आणि ते येईपर्यंत त्याच्याच स्टुलावर बसून राहिलो. मग चपला काढल्या, फुलं बाजूला ठेवली आणि जप्ती केली.

गॅरेजवाल्यानं लगेच जबाब फिरवला. आता म्हणे भंगारातून एकेक वेचले होते. म्हणून मालाची ओळख परेड लावली. नायब तहसीलदारांसमोर, दुकानातून आणि इतर गॅरेजमधून आणलेले त्याच छापांचे पाने त्यात मिसळून टेबलावर पसरले. कोणता कुठला, ते टाचणात होतं आणि टाचण नायब तहसीलदारांच्या खिशात.

मिस्त्रींनी छाप पाहिलेच नाहीत. खिशातून सुतळी काढली. पाना नटावर चढवायचा, कानाशी हलवायचा, उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचा.  टाचण काढून ताडलं तेव्हा उजवीकडचा प्रत्येक पाना जप्तीतला निघाला. एकही चुकला नाही.

गॅरेजवाला हे पाहत होता. चौकशीत त्यानं फार वेळ घेतला नाही. "पंधरा वर्सं मागून राह्यलो होतो, साहेब. एक दिवस वापराले देल्ला नाई. म्हणे, पाना कोणाच्या हातात देत नाई मी." मागायला जाता-येताना त्यानं चावीची जागा पाहून ठेवली होती.

वर्तमानपत्रांना बातमी दिली. साहेबांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी जोडीदार ठाण्यात आला. मी म्हणालो, "या, आत बसा." तो बाकड्यापाशीच उभा राहिला.

"साहेब, चोर सापडला थे पेपरात आलं. मी चोर नव्हतो थे कुठी आलं?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मिस्त्रीले लोक विचारतेत, त्याले अजून काऊन ठेवलं म्हून."

  मला लाज वाटली. चोर पकडल्याच्या आनंदात मी त्याचे ते दोन दिवस विसरून गेलो होतो, आणि तो ते रोज भोगत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गणवेश चढवला आणि जीप भर बाजारात आणून उभी केली, आणि त्या दोघांना तिथंच दुरुस्तीला बोलावलं. तोवर कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल मिस्त्रींना परत मिळाला होता. ते गुंडाळी काखेत घेऊन आले. जोडीदारासमोर उभे राहिले आणि आठ वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. अख्खी गुंडाळी त्याच्या हातात दिली. "चावीचं साहेबाले मीच सांगतलं होतं बाप्पा," एवढं म्हणाले आणि उपरण्यानं तोंड पुसू लागले.

जोडीदार जीपखाली शिरला. मी बाजूला उकिडवा बसून पाने देऊ लागलो.

"चौदा द्या साहेब. हा नाई, रिंगचा."

भोवती गर्दी जमली. कुणीतरी विचारलं, "साहेब, तुमी पाने देऊन राह्यले?"

"मिस्त्री हे आहेत," मी मोठ्यानं म्हणालो. "मी हेल्पर."

संशय घ्यायलाच हवा, त्याशिवाय पोलिसाचं काम होत नाही. पण संशय मनात ठेवता येतो आणि माणसाला मात्र मी रस्त्यावर बसवलं, यातला फरक मला त्या दुपारी कळला. ठाण्यात गेल्यावर पहिलं काम केलं ते बाकडं आत घेण्याचं.

त्याआधी, बाजारातच, जीपखालून त्याचा आवाज आला होता. "साहेब, हा नट कोणं खाल्ला?"

"मीच."

तो अर्धा बाहेर सरकला. तोंडाला ग्रीस लागलेलं. माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, "ढिला पाना लावला तुमी. लावाच्या आधी हालवून पाहावं लागते."

"हो," मी म्हणालो. भर बाजारात, अंगावर गणवेश असताना, एवढंच म्हणालो.