हमीदाबीने गादी उसवली तेव्हा

चुडामणला चाकाची खुर्ची मी मिळवून दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण धुळ्यात अजून दोघं-तिघं ते श्रेय स्वतःच्या नावावर खपवत फिरतात. अकरा दिवस मी कचेरीच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा हे कुठे होते कोण जाणे. पण ही गोष्ट खुर्चीची नाही. खुर्चीवरच्या गादीची आहे, आणि ती गादी उसवणाऱ्या बाईची.

हमीदाबी पिंजारीण. नवरा गेल्यावर तिने त्याची कापूस पिंजायची कमान खुंटीवरून काढली, लोटगाडी बाहेर ओढली आणि गल्लोगल्ली गाद्या-रजया पिंजत फिरू लागली. बाईमाणूस कमान वाजवतं म्हणून लोक हसले. "मग निजा दगडावर," ती म्हणायची. "पाठ तुमची, मला काय!"

चुडामण साक्रीकडचा. जिनिंगमध्ये हमाल होता. सदुसष्ट साली कापसाच्या गठाणींची थप्पी घसरली आणि एक गठाण त्याच्या पाठीवर आली. कमरेखालचं सगळं गेलं. दोन वर्षं खाटेवर. खुर्ची आली तसा तो आग्रा रोडच्या एका कोपऱ्यावर स्टोव्ह दुरुस्त करू लागला. सकाळी सातला बसला की दिवेलागणीपर्यंत हलायचा नाही. मी छाती फुगवून लोकांना दाखवायचो, "बघा, बारा तास बसतो पठ्ठ्या!"

तिथेच चुकलं. त्याचं आणि माझंही.

एकाहत्तरच्या दिवाळीआधी तो म्हणाला, "भाऊ, गादी कडक व्हई गई. हातले दगड लागस. आपाकडे टाकी दे."

मी गादी हमीदाबीच्या ओट्यावर टाकली आणि चहा प्यायला निघालो. तिने शिवण उसवली, हात आत घातला आणि थांबली. कापसाचा एक गोळा बाहेर काढून नाकाशी नेला.

"लीडर, इकडे ये." मला ती याच नावाने हाक मारायची, आणि त्यात मान नव्हता. "यावर बसणारा जिवंत आहे का?"

"काय बोलतेस आपा?"

"डाव्या बाजूचा कापूस ओला होऊन वाळलाय, परत ओला झालाय. हा घाम नाही, पू आहे. जा, त्याला उलटा करून बघ."

आम्ही कुणी ओळखलं नव्हतं. त्याला दुखतच नव्हतं, आणि वास यायला हवा होता तर तो माणूस दिवसभर रॉकेलमध्ये माखलेला. गादीवरचा डाग आम्हाला तेलाचा वाटायचा. उलटा केला, तर बसायच्या हाडावर चवलीएवढं तोंड, आणि आत सबंध विहीर.

डॉक्टर म्हणाले, "हाडापर्यंत गेलंय. ताप आहे, म्हणजे विष अंगात भिनतंय. त्या जागेवर एक मिनिटही भार नको. पोटावर झोपवा. नाहीतर उन्हाळा बघणार नाही हा."

चुडामण ऐकेना. "खाट नको, भाऊ. दोन वरीस मी छतना वासा मोजात. मरसू तं खुर्चीवरच मरसू."

मग मी माझी अक्कल चालवली. भार नको ना? बायका हंड्याखाली चुंबळ ठेवतात, तशी मोठी चुंबळ मी जुनं धोतर घट्ट वळून केली. जखम बरोबर भोकावर, भार कडेवर. चुडामण खूश, मी त्याहून खूश. गल्लीतल्या चार शहाण्यांनी मान डोलावली. आठ दिवसांनी जखमेभोवती काळं कडं उमटलं आणि ताप खाली उतरेना.

हमीदाबीने ती चुंबळ उचलून रस्त्यात फेकली.

"लीडर, तू कधी डोक्यावर हंडा घेतलास?"

"मी कशाला घेऊ?"

"म्हणूनच!" तिने पदर जरा मागे सारला. टाळूवर केसांमध्ये गोल टक्कल होतं, बांगडीसारखं. "मधले केस आहेत, कडेखालचे गेले. चुंबळीची कडा आवळते. मधल्या जागेला रक्त जाईल कुठून? घावाला फास लावलास तू."

मला राग आला. खरं ऐकलं की मला आधी रागच येतो. "मग काय हवेत टांगू त्याला?"

"पोटावर घाल."

"तो निजणार नाही!"

"निजायला कोण सांगतंय? काम करू दे."

तिने आपली लोटगाडी चुडामणच्या दारात आणून उभी केली. तिची रोजीरोटी होती ती गाडी. गाडीवर तिने तीन गाद्या घातल्या: एक छातीखाली उंच, एक मांड्यांखाली, एक नडगीखाली. कमरेची हाडं, गुडघे, पायाची बोटं मोकळी, कुठे टेकायची नाहीत. पुढच्या फळीवर स्टोव्ह, पिना, वायसर. चुडामण पालथा पडल्यापडल्या हात चालवून बघू लागला. हात मोकळे होते.

"दिसतं का सगळं?" तिने विचारलं.

"दिसस. छत दिसत नही, तेच बेस शे."

दुसऱ्या दिवशी लोटगाडी कोपऱ्यावर. लोकांना फुकटचा तमाशा. एक जण म्हणाला, "काय चुडामण, पोहायला चालला का?"

"हा, पांझरामां. तू येस का? तुना स्टोव्ह बी बुडाई देसू."

हमीदाबी त्या दिवसापासून गाद्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन फिरू लागली. गाठोड्याखाली, टकलावर, पुन्हा चुंबळ. मी म्हटलं, दुसरी गाडी बघतो. "तू आधी त्याचा घाव बघ," म्हणाली.

डॉक्टरांनी काळं मांस कापलं. दोन वेळची पट्टी तोतारामनानांनी पत्करली. नाना जुने ड्रेसर, हात हलका, तोंड जड. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवायचं, मग उकळलेल्या पातळ कापडाची लांब पट्टी ओली करून आत सोडायची. पहिल्या दिवशी मी ती ठासून भरायला गेलो, तर नाना आणि हमीदाबी एकदमच ओरडले. "ठासलेल्या रजईत ऊब राहत नाही," ती म्हणाली. "सैल सोड. आतून मांस वर यायला जागा ठेव." नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला मदतीला घ्यायला पाहिजे होतं, तुला नाही."

पहिल्या दिवशी हातभर पट्टी आत गेली होती. तेच आमचं माप झालं. संक्रांतीला ती वीतभर जाऊ लागली. ताप उतरला होता, चुडामणला भूक लागत होती. नाना म्हणाले, अंडी, डाळ, शेंगदाणे, मिळेल ते खाऊ घाला, मांस काही हवेतून येत नाही. होळीला पट्टी चार बोटं. मध्ये एकदा तोंड लवकर मिटायला लागलं, मी पेढे आणायला धावलो, तर नानांनी ते पुन्हा उघडं ठेवलं. "खाली पोकळ आणि वर झाकण? ते परत फुटेल. तळापासून भरू दे." पेढे मी परत नेले नाहीत, पोरांना वाटले.

वैशाखात एका सकाळी नानांनी पट्टी जखमेशी नेली. ती आत गेलीच नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. गुलाबी कातडं, बंद, कोरडं. डॉक्टरांनी ज्या उन्हाळ्याची धमकी दिली होती, तो डोक्यावर तापत होता आणि चुडामण पालथा पडून विचारत होता, "काय व्हयनं नाना? बोला ना, मले मांगलं दिसत नही!"

"भरलं रे," नाना म्हणाले, आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली.

खुर्चीवर पहिल्यांदा बसवला तो घड्याळ लावून पाच मिनिटं. मग दहा. हमीदाबीने नवी गादी दिली आणि कायदाही दिला: हातातला स्टोव्ह होवो न होवो, थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर अंग उचलायचं, पन्नास आकडे मोजेपर्यंत. रात्री दाढीचा आरसा धरून मागचं बघायचं. आता मी लोकांना दाखवताना बारा तास सांगत नाही. आता सांगतो, बघा, कसा उचलतो!

आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गादी तिच्या ओट्यावर. लोटगाडी तिच्या दारात परत उभी होती. पहिला शुक्रवार आला तेव्हा मी चहाला गेलो नाही. शिवण उसवली, तिने हात आत घातला, डावीकडचा कापूस काढला, नाकाशी नेला, उन्हात धरून पिंजून पाहिला. मला दम निघेना.

"बोल ना आपा!"

"कोरा आहे," ती म्हणाली. "पांढरा, कोरा. जा, सांग त्याला."

मी पळतच गेलो.