पाताळनगरीच्या भिंतीवर ताई

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे मोठे बोर्ड, गणपतीपुढचे देखावे, मिळेल ते काम करायचा. त्याचा हात चांगला होता, हे आमच्या घरात कुणी कधी नाकारलं नाही. लग्नानंतर काही वर्षांनी एका सकाळी त्याने उकळता चहा पातेल्यासकट ताईच्या अंगावर फेकला. कानाखालपासून खांद्यापर्यंत कातडी निघाली. दवाखान्यातून ती थेट नाशिक रोडला आमच्या क्वार्टरवर आली ती परत गेलीच नाही. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला लागली. तो एकदा न्यायला आला, तेव्हा तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. तो वाद न घालता चपला घालून निघून गेला, याचंच आम्हाला नवल वाटलं.

ही सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. मी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. त्या दिवाळीनंतर पंचवटीकडे एका अर्धवट बांधलेल्या बाजाराच्या तळघरात 'पाताळनगरी' सुरू झाली. जमिनीखाली वसलेलं नागांचं राज्य, असा तो देखावा होता. प्लास्टरचे खांब, तांबडे दिवे, आणि लांबच लांब भिंतीवर त्या नगरीचा इतिहास रंगवलेला. सगळा मनाने रचलेला इतिहास, पण लाऊडस्पीकरवरचा माणूस तो इतक्या गंभीर आवाजात सांगायचा की बायका हात जोडायच्या. रांग रस्त्यापर्यंत असायची. चित्रं कुणी काढली ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

मुख्याध्यापिकेने सातवीच्या मुलींना तिथे न्यायला सांगितलं. पहिल्या चित्रात नगरीचा पाया खणत होते आणि त्या पायात एका बाईला जिवंत चिणत होते. फक्त तिचा चेहरा उघडा होता. पुढे दुष्काळ, त्यात एक बाई माती खात होती. पुढे बाजार, त्यात बाईच्या गळ्यात दोरी. शेवटचं चित्र राजाच्या न्यायाचं होतं. केस भादरलेली बाई गाढवावर उलटी बसवलेली, भोवती दात काढून हसणारे लोक, कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात शेण. स्पीकर सांगत होता, 'नवऱ्याचं घर सोडणाऱ्या स्त्रीला या नगरीत हीच शिक्षा होती.'

एक मुलगी माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, या ब्लाऊजवाल्या मावशी ना? तुमच्या ताई?"

ताईच होती. तेच नाक, ओठावरचा तीळ, मानेवर भाजल्याचा डाग. आणि मग मागची सगळी चित्रं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आली. प्रत्येक चित्रात तीच होती.

"हो," मी म्हटलं. "चला, पुढे व्हा."

दुसऱ्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, रजा टाकून तिथल्या मालकाकडे गेले. मी सोबत होते. मालक पान लावत बसला होता. अण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, तेवढे चेहरे बदलून घ्या. माझी मुलगी आहे ती."

"चित्राखाली तुमच्या मुलीचं नाव लिहिलंय का?"

"नाव नाही, पण लोक ओळखतात."

"मग लोकांना सांगा, ओळखू नका म्हणून." त्याने पान तोंडात टाकलं. "काका, शेवटच्या चित्रापुढून माणूस हलत नाही. ते मी बदलू?"

आम्ही ताईला काही सांगितलं नव्हतं. पण कॉलनीत बातमी पोहोचली होती. बायका शिवायला दिलेली कापडं परत न्यायला लागल्या. "घाई नाही, नंतर देऊ," म्हणायच्या. ताईने मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. तिने इस्त्रीची साडी नेसली आणि म्हणाली, "चल. मला बघायचंय."

तिचा नवरा तिथेच होता. कुठेतरी रंग उडाला होता, तो स्टुलावर उभा राहून दुरुस्त करत होता. ताई शेवटच्या चित्रापुढे उभी राहिली. आधी एकदोघांनी चित्राकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. मग सगळेच पाहू लागले. कुणीतरी फिसकन हसलं. ताई बराच वेळ चित्र पाहत होती.

"डाग उजव्या बाजूला आहे," ती त्याला म्हणाली. "तुम्ही डावीकडे काढलाय. स्वतः केलेलंही आठवत नाही तुम्हाला?"

मला वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. त्याने तिच्या मानेकडे नीट निरखून पाहिलं, एखादं गिऱ्हाईक पाटीचा मजकूर सांगतं तेव्हा पाहावं तसं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. स्टूल सरकवलं, डावीकडचा डाग पुसला, ब्रश बुडवला आणि तिच्याकडे बघत बघत उजवीकडे नवा काढला. कातडी कुठे चुरगळली आहे तेसुद्धा. झाल्यावर मागून एकजण म्हणाला, "आता हुबेहूब!" आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताईलाच म्हणाले, "तू कशाला गेलीस तिथे? तू गेली नसतीस तर विसरले असते लोक."

त्याच आठवड्यात सटाण्याजवळच्या नामपूरहून आईची मावशी आली होती. ती ताईचं मशीन पोत्यात गुंडाळत म्हणाली, "मना घर चाल, पोर. आठे काय शे आते तुनं?" इथे आता तुझं काय आहे, हा तिचा प्रश्न बरोबर होता. ताई तिच्यासोबत गेली.

पुढच्या वर्षी बाजार पूर्ण झाला, तळघरात गोदाम आलं, भिंतींना चुना लागला. दाजीचं मात्र काही बिघडलं नाही. त्या भिंतीमुळे त्याचं नाव झालं. मंगल कार्यालयांच्या, देवळांच्या भिंती त्याला मिळाल्या, एका समारंभात शाल-नारळही मिळाला. मला बघायला आलेल्या एका घरच्या बाईने चहा पिता पिता विचारलं होतं, "त्या पाताळातल्या बाईची तू बहीण ना?"

ताईने नामपुरात शिवणाचा वर्ग काढला. तिथल्या मुली तिला चळाचळा कापायच्या, असं ऐकलं. टाका वाकडा गेला की सगळ्यांसमोर उसवायला लावायची. आम्हाला भेटायला ती कधी आली नाही. अण्णा गेले तेव्हा आली, भिंतीला टेकून तासभर बसली. आईने राहायचा आग्रह केला.

"नको," ताई म्हणाली. "सटाण्याची गाडी चुकेल." आणि पिशवी उचलून ती स्टँडकडे चालू लागली.