टपावरची होडी

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा माझ्या पर्समध्ये महिन्याभराचा व्हिसा होता आणि डोक्यात चार शुक्रवार. कुवेतमध्ये तेव्हा गुरुवार-शुक्रवारची सुट्टी असे. पण माझा धाकटा भाऊ श्रीकांत पेट्रोकेमिकलच्या प्लांटवर इंजिनिअर, त्याला गुरुवारी दुपारपर्यंत जावंच लागे. म्हणजे महिन्यात तो पुरता घरात सापडणार ते चारच दिवस. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट, महिना जूनचा. त्याच्या मुलीला, मुक्ताला, पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि परतताना तिला मी माझ्याबरोबर आणायचं ठरलं होतं.

मी नाशिकच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवलं. निवृत्तीबरोबर गळ्यातली शिट्टी गेली, पायांतली भिंगरी काही गेली नाही. मला एका जागी बसवत नाही आणि दुसरं कोणी नुसतं बसलेलं बघवत नाही. अशा बाईने जूनमध्ये कुवेतला जाणं म्हणजे शिक्षाच. विमानतळाच्या दारातून बाहेर पडले तर तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी झळ तोंडावर आली. आकाश निळं नव्हतंच, मातकट होतं. मंगफच्या रस्त्याला लागल्यावर इमारतींच्या फटींतून मधूनच समुद्र दिसायचा आणि मी मान वळवेपर्यंत नाहीसा व्हायचा.

"ताई, होडी घेतलीय," गाडी चालवता चालवता श्रीकांत म्हणाला.

"कोणी?"

"मी. कयाक. दोघांची आहे."

मुक्ता सात वर्षांची असताना बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर हे लोक फिरायला गेले होते. तिथे एक बापलेक कयाक वल्हवत चाललेले पाहून ती म्हणाली, बाबा, आपण? तो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी. मग शिफ्ट आली, शटडाउन आलं, कोणाच्या तरी रजेवरची बदली आली, आणि दहा वर्षं गेली. मुक्ताने विचारायचं सोडून दिलं होतं. आता ती जाणार म्हटल्यावर याला ते आठवलं. देश सोडून चाललेल्या एका इंग्रज सहकाऱ्याकडून त्याने चौदा फुटी नारिंगी कयाक घेऊन ठेवली होती.

"मग या शुक्रवारी जाऊ!" मी म्हटलं.

"अगं, न्यायची कशी? आधी कॅरिअर ठरवायला हवा."

या 'आधी'ने माझा जीव खाल्ला. होडी इमारतीच्या तळघरात पडून होती आणि तिथला हारिस (रखवालदार) मला रोज विचारायचा, "मॅडम, ये कब जाएगा?" वर फ्रिजवर एक आलेखकागद चिकटवलेला. त्यावर श्रीकांतने गाडीच्या टपावर होडी बसवायचे सगळे प्रकार लिहिले होते आणि वजन, वारा, किंमत, टिकाऊपणा अशा रकान्यांत प्रत्येकाला गुण दिले होते. पहिला प्रकार म्हणजे टपावर स्पंजचे ठोकळे ठेवून दारांतून पट्टे ओवायचे. दुसरा, टपाच्या पन्हळीला घट्ट बसणाऱ्या दोन आडव्या दांड्या. तिसरा, त्या दांड्यांवर आणखी आकड्यासारख्या वाकवलेल्या हातांची जोडी, म्हणजे होडी कुशीवर उभी राहते. चौथा, मागे जोडायचा ट्रेलर, पण त्याच्या कागदपत्रांत मुक्ताचं पदवीचं शिक्षण झालं असतं.

"या आकड्यांना इतके कमी गुण का?" मी विचारलं.

"होडी उंच उभी राहते, वारा घेते. दांड्या बऱ्या. सरळ, साध्या."

एवढं ठरूनही पहिला शुक्रवार गेला, कारण दोन कंपन्यांच्या दांड्यांची तुलना व्हायची होती. शनिवारी संध्याकाळी आम्ही शुवेखच्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात गेलो. श्रीकांत दांडीला लोंबकळून पाहत होता, मी दुकानाच्या बाहेर येरझाऱ्या घालत होते. दुकानदार मला हिंदीत म्हणाला, "बहनजी, बैठिए ना." त्याला काय माहीत!

दांड्या आल्या, बसल्या, आणि दुसऱ्या शुक्रवारी तोझ (धुळीचं वादळ) आलं. खिडकीतून समोरची इमारत दिसेना. माझी भावजय वैशाली खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होती आणि मी बैठकीत गोल गोल फिरत होते. मुक्ता कानात गाणी लावून बॅग भरत होती. तिला मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी नक्की हं." तिने मान वर न करता उत्तर दिलं, "शुअर, आत्या." त्या 'शुअर'मध्ये दहा वर्षं होती. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात श्रीकांतने गुरुवारी दुपारीच होडी चढवली. पहाटे उशीर नको म्हणून. आता आखातातली आपली माणसं दोरी कशी बांधतात ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. गावी जाताना खोक्यावर गुडघा रोवायचा, दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजेपर्यंत ओढायची, कारण विमानतळावर खोकं फुटलं तर सगळ्यांसमोर शोभा. वीस वर्षांत श्रीकांतचं एकही खोकं फुटलं नव्हतं. त्याने होडी तश्शीच बांधली, पोट खाली, पट्टे करकचून. होडीसकट गाडी तळघराच्या दारातून आत जाईना, म्हणून ती बाहेर उन्हात उभी राहिली.

पहाटे आम्ही डबे, पाणी घेऊन खाली आलो. उजाडत होतं. श्रीकांत पट्टे तपासायला वाकला आणि तसाच राहिला. दांड्यांनी होडीच्या पोटात दोन मोठे खळगे पाडले होते, डाळीच्या पातेल्याएवढे. ज्या प्लॅस्टिकचे दाणे हा माणूस प्लांटवर रोज टनांनी बनवतो, ते तापलं की मऊ पडतं हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायला हवं होतं का?

"गेली," तो म्हणाला. "वाट लागली हिची."

मुक्ताने होडीकडे पाहिलं, मग बापाकडे. "इट्स ओके, बाबा. आय न्यू इट," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. श्रीकांत पायरीवर बसला. पट्टा त्याच्या हातात होता आणि तो त्याची घडी घालत होता, उलगडत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला 'ऊठ' म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी मुक्तासाठी खोकं घ्यायला आम्ही जलीबला गेलो. जलीब अल शुयूख म्हणजे एकेका खोलीत आठ-दहा कामगार राहणारी वस्ती. गल्लीत कपड्यांच्या दोऱ्या, मोबाइलच्या कार्डांच्या टपऱ्या, तव्यावरचे पराठे. तिथे हसनमियाँचं खोकी, दोऱ्या आणि ताडपत्र्यांचं दुकान होतं. माणूस श्रीवर्धनकडचा, पिकल्या दाढीचा. श्रीकांत दर वेळी खोकं इथूनच घ्यायचा.

"साहेब, तोंड का उतरलंय?" त्यांनी चहा मागवला. मीच सगळं सांगून टाकलं.

हसनमियाँनी कपाळाला हात लावला. "खोक्यासारखी बांधलीत?"

"हो," श्रीकांत पुटपुटला.

"नि सुलटी ठेवलीत, पोटावर? ओ साहेब, होडीचं पोट पाण्यावर टेकायला असतं, लोखंडावर नाय. पाण्याभायेर काढली की आमच्याकडं पालथी घालतात, नायतर कुशीवर. कड मजबूत असते तिची. पोरीला कडेवर घेत होतात ना, तशी घ्या."

"म्हणजे ते आकडे," मी म्हटलं. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नि पट्टा असा आवळायचा," हसनमियाँनी एका खोक्याभोवती दोरी घेतली आणि तिच्याखाली करंगळी सरकवली. "करंगळी जाईल एवढी ढील. पुढं नाकाला नि मागं शेपटीला वेगळी दोरी. होडी धरून ठेवायची, दाबायची नाय."

"पण खळग्यांचं काय?"

"उन्हानं केलंय ना? उन्हालाच काढू दे. पालथी टाका दुपारची, वर गरम पाणी घाला. येईल ती आपली आपण."

होडी आम्ही जिन्याने गच्चीवर नेऊन पालथी टाकली. तीन दिवस वैशालीने पातेली भरभरून पाणी तापवलं आणि मी ती गच्चीवर वाहिली. हारिसही मुकाट्याने दोन फेऱ्या घालायचा. बुधवारी दुपारी 'टप्' असा आवाज झाला आणि एक खळगा वर आला. मी गच्चीवर एकटीच होते, आणि खोटं कशाला सांगू, टाळ्या वाजवल्या. दुसरा पुरता भरला नाही, पण पाण्याला चालण्यासारखा झाला.

चौथ्या शुक्रवारी, परतीच्या दोन दिवस आधी, आम्ही अंधुकशा उजेडात दक्षिणेला निघालो. होडी टपावर नव्या आकड्यांत कुशीवर होती. मुक्ता येते की नाही याची मला धास्ती होती. ती आली, पण खिडकीला डोकं टेकून बसली. वफ्राचा फाटा मागे पडला आणि टपावरून गुंऽऽ असा आवाज सुरू झाला. श्रीकांतने गाडी थांबवली, उतरून पट्टे पाहिले. पुन्हा निघालो, पुन्हा गुंऽऽ. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्याचा हात पट्टा आवळायला गेला आणि मागून मुक्ता ओरडली, "नको बाबा! डोन्ट!" ती उतरली, पट्ट्याला एक पीळ दिला आणि परत येऊन बसली. "वाऱ्याने वाजतो. मॅन्युअलमध्ये आहे." आवाज थांबला. तिने मॅन्युअल वाचलं होतं हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

खिरानला समुद्र जमिनीत आत शिरतो, त्याला इथे खोर (खाडी) म्हणतात. पाणी हिरवट, काठावर पांढरी वाळू. दोघांनी लाइफ जॅकेट चढवली, पुढे मुक्ता, मागे श्रीकांत. पहिल्यांदा दोघंही एकाच बाजूने वल्हवायला लागली आणि होडी गोल फिरली. वैशाली खो खो हसत सुटली. मग सूर जुळला आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली.

अर्धा तास झाला. वैशालीने खुबूस (भट्टीतली पातळ रोटी) आणि शेंगदाण्याची चटणी काढली. ऊन चढत होतं, मी वाळूत फेऱ्या मारत होते. एक तास झाला. होडीला आपण उकळतं पाणी घातलं, कुठे चीर गेली असेल तर? अखेर वळणावर नारिंगी ठिपका दिसला. मी वाळूत बसले ती बसलेच.

"एवढा वेळ काय बोलत होतात?" मी विचारलं.

"काही नाही," मुक्ता म्हणाली. "नुसते बसलो होतो. बाबाला बसता येतं, आत्या."

शनिवारी श्रीकांतने तिचं खोकं बांधलं. गुडघा रोवला नाही. दोरी घेतली, गाठ मारली, तिच्याखाली करंगळी घालून पाहिली आणि मान डोलावली. विमानतळावर तो काचेपलीकडे उभा राहिला. मुक्ता रडली नाही, तिने फक्त दोनदा मागे वळून पाहिलं.

सकाळी मुंबईला उतरलो. सामानाच्या पट्ट्यावर सगळ्यांची आवळलेली खोकी एकामागून एक येत होती आणि त्यांत मुक्ताचं आलं. दोरी घसरून एका टोकाला गोळा झालेली, झाकण उघडं, टॉवेल आणि खजुराचा डबा बाहेर डोकावत होता. वीस वर्षांत पहिलं. माणसं बघायला लागली. मला वाटलं पोर शरमेल. तिने खोकं उतरवून घेतलं, दोरीची ती सैल गाठ हातात धरली आणि तिथेच, पट्ट्याशेजारी, रडायला लागली. महिनाभरात मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मी घाई केली नाही.

बाहेर एस.टी.डी.-आय.एस.डी. बूथ होता. तिने आधी खोक्यातलं सगळं मोजून पाहिलं, मग नंबर फिरवला.

"बाबा," ती म्हणाली, आणि त्यानंतर इंग्रजीचा एक शब्द आला नाही. "पोचलो. खोकं सुटलं होतं, बाबा. पण काहीच हरवलं नाही."