तिनं लावलेलं झाकण

माझी बायको घरी बिअर करायची. लोक हसतात, हसोत. आम्ही मुलाकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला राहायला आलो आणि हिवाळ्यात तिला करमेना. मुलानं बिअर करायचं सामान आणून बेसमेंटात टाकून दिलं होतं. ती म्हणाली, इडलीचं पीठ आंबवते, मग हे का नाही जमणार? जमलं. मला अर्धा ग्लास द्यायची आणि वर म्हणायची, "एवढीच. पोट बघा जरा स्वतःचं."

शेवटचं पिंप तिनं दिवाळीच्या आधी भरलं. कॅन्सरची औषधं तेव्हा चालू होती. थंडीत ती गेली.

बर्फ वितळेपर्यंत मी पिंपाला हात लावला नाही. मग एक दिवस तोटी सोडली. थोडी बिअर आली, धार बारीक झाली आणि तोटीतून उलटी हवा आत गुडगुडली. बिअर आतल्या गॅसच्या जोरावर बाहेर येते. जोर गेला की पिंप हवा ओढतं, आणि हवा गेली की माल आंबट होतो. एवढं तिच्याशेजारी बसून कळलं होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, प्रेशर लीक होतंय. झाकण उघडा, आतली रबरी रिंग चेक करा, ग्रीस लावून परत बंद करा. सिंपल आहे."

"झाकण उघडायचं नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना."

त्याला काय सांगणार? तिचे कपडे देऊन झाले, आजारपणात भाड्यानं आणलेली खाट परत गेली, औषधं फेकली. ते झाकण तेवढं तिनं फिरवून बंद केलेलं, तसंच्या तसं राहिलं होतं.

मग मी बाकीचे उपाय केले. झाकणावरच्या वॉल्व्हला गॅसची छोटी नळकांडी लावली. फुस्स झालं, बरं वाटलं. सकाळी परत जोर नाही. साबणाचं पाणी लावून पाहिलं. तोटीला बुडबुडा नाही, वॉल्व्हला नाही. झाकणाच्या कडेनं मात्र फेस धरला. तिथं बाहेरून खोबरेल चोपडलं. बेसमेंटच्या गारव्यात ते पांढरं घट्ट झालं. वाटलं, बसलं. परत गॅस भरला तर त्या तेलाचे पापुद्रे उडाले.

मुलानं ते पाहिलं. "आईनं तुम्हाला घरातनं हाकललं असतं."

"हाकललं असतं."

"बिअर सडतेय आणि तुम्ही झाकण सांभाळताय, यार."

"यार तुझ्या बायकोला म्हण."

तो हसला नाही. मीही नाही. खरं होतं त्याचं. बिअरही तिचीच होती. मी झाकणाला हात घातला. जोर लागेल असं वाटलं होतं. लहान पोराच्या हातानंही सुटलं असतं, इतकं सैल होतं ते.

आत रिंग खाचेत नव्हतीच. अर्ध्यावर दुमडून बाहेर आली होती. पहिल्या दिवसापासून गॅस तिथूनच जात होता. आणि ही बाई दर वेळी रिंगवरून बोट फिरवून बघायची, नीट बसलीय का. या वेळीही फिरवलं असणार. बोटाला काही कळलं नसणार.

तेव्हा एकेक आठवायला लागलं. कप दोन्ही हातांनी धरायची. मला वाटायचं, थंडी आहे. ब्लाउजची बटणं सुनेकडून लावून घ्यायची. विचारलं की म्हणायची, "हात बरे आहेत माझे, तुम्ही तुमचे गुडघे बघा."

बिअर चाखली. नुसती आंब. मुलानं पिंप उचलून सिंकवर कलतं केलं. मी विचारलं, "औषधांनी तिची बोटं बधिर झालेली तुला माहीत होतं?"

त्यानं पिंप आणखी कलतं केलं.

"आई म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस."

पिंप जड होतं, त्याला एकट्याला पेलवेना. मी खालून हात लावला.