माशांना घातलेलं पुरण

चौथीनंतर शाळा सुटली. त्यामुळे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका तर असणारच. वाचणारं कोणी नाही, तरी माफी आधीच मागून ठेवते.

आमचे हे गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गोडदेव गावातल्या आमच्या खोलीत मी एकटी. दोन घरी पोळ्या करायचे, त्यात पोट भागायचं. ह्यांच्या आजारपणात वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून पैसे घेतले होते, ते फेडायला काही उरत नसे. काकूंनी कधी विचारलं नाही. पण त्यांचा आवाज जिन्यात आला की मी दार लावून घ्यायचे.

ह्यांचा गळ दाराआड उभा होता. रविवारी ते तळ्यावर जाऊन बसत. त्या फाल्गुनात एका दुपारी मीच तो उचलला. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

मी रत्नागिरीकडची. खाडीवर माशाला कोळंबी लावतात, हे लहानपणापासून बघितलेलं. तशीच कोळंबी सोलून लावली आणि तळ्यावर पुरुषांपासून लांब बसले. गळाच्या दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा देठ ऊन उतरेपर्यंत हलला नाही. शेवटी पलीकडचे एक टोपीवाले चाचा डोकावले.

"अरे बेटी, खाडी समझा है क्या? ये तालाब का रोहू है, पक्का जैन. कोलंबी देखके मुँह फेर लेगा."

सगळे हसले. मी मान वर केली नाही. मग चाचा हळूच म्हणाले, "मीठा लाना. और छोटा."

होळीला सवयीने दोघांपुरतं पुरण घातलं. खाणारी मी एकटी. उरलेलं पुरण डब्यात भरून तळ्यावर नेलं. नुसतं पुरण पाण्यात पडताच विरघळलं. पुढच्या खेपेला त्यात कणीक मळली, तर गोळी इतकी घट्ट झाली की मासा तोंडात घेऊन टाकून देई. मग कणीक कमी केली आणि भाजलेल्या चण्याचं पीठ घातलं. थंडीत मासा तळाशी सुस्त असतो, तेव्हा उग्र वासाचा चारा लागतो. पाणी कोमट झालं की तो काठाशी येतो, भुकेला असतो पण बुजरा, असं चाचा सांगायचे. बुजऱ्याचं मला कळतं. मी गोळी चण्याएवढीच केली, वेलची राहू दिली.

देठ बुडाला. चांगला हातभर रोहू. आम्हाला गोड्या पाण्याचा मासा मातकट लागतो, म्हणून तो चाचांना दिला. त्यांनी मासा घेतला आणि चाराही मागितला. पुढच्या रविवारी आणखी दोघांनी मागितला, पैसे देऊन. मग मी गळ घरीच ठेवू लागले आणि नुसता डबा घेऊन जाऊ लागले.

ते पैसे घेऊन महिन्याकाठी मी वर जायचे. काकू बळेच बसवून चहा टाकायच्या.

"एवढी घाई कसली गं? मी कुठे पळून चाललेय?" आणि मग, "माशांना पुरण घालतेस, मला कधी घालणार?"

मी नुसती हसायचे. पण महिन्यात माझ्याशी कोणी निवांत बोलायचं ते तेवढंच.

शेवटचे पैसे पौषातच जमले होते. तरी वर गेले नाही. दिले की मग कुठल्या निमित्ताने जायचं? जिन्यात काकू भेटल्या की "पुढच्या महिन्यात" म्हणायचे आणि त्या "सावकाश" म्हणायच्या.

होळी आली. पुरणपोळ्या केल्या, चार ताटलीत घेतल्या, पैसे पदराला बांधले आणि वर गेले. काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "मासे उगीच नाही फसत," म्हणाल्या. मी गाठ सोडली. त्यांनी पैसे न मोजता देवापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "फिटलं हो सगळं."

मी मान हलवली. कपात अजून चहा होता, तो सावकाश प्यायले.